माळव्याचा शेतमाल आणि परदेशचे गिऱ्हाईक

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली की इंदूरच्या छावणी मंडीत पहाटेपासून ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. ट्रॉलीत नुकतेच मळून आणलेले सोयाबीन असते आणि तिच्या कडेला त्याचा धनी लिलावाची वाट पाहत बसलेला असतो. व्यापारी येतो, मूठभर दाणे तळहातावर पसरतो, एखादा दाताखाली फोडून ओलावा अजमावतो आणि भाव पुकारतो. त्या एका आकड्यावर घरची दिवाळी, सोसायटीचा हप्ता, गव्हाचे बियाणे आणि कदाचित मुलीचे लग्नही अवलंबून असते. भाव पटला नाही तर ट्रॉली परत न्यायची मुभा आहे. पण परत नेऊन माल ठेवायचा कोठे आणि तोवर देणेकऱ्यांना सांगायचे काय, हा प्रश्न उरतोच.

तो भाव व्यापाऱ्याने आपल्या मनाने ठरवला असे वरवर पाहणाऱ्याला वाटते. वस्तुतः त्या व्यापाऱ्याने घरून निघण्यापूर्वीच दूरदेशींचे भाव ऐकलेले असतात. सोयाबीनचा हिशेब सोपा आहे. शंभर किलो दाणा गिरणीत गेला, की सुमारे अठरा किलो तेल निघते आणि ऐंशी किलोंच्या आसपास पेंड उरते. खाद्यतेलाच्या बाबतीत आपला देश निम्म्याहून अधिक गरज परदेशी तेलावर भागवतो. यास्तव येथील तेलाचा भाव परदेशातून येणाऱ्या तेलावर आणि त्यावरील आयातकरावर ठरतो. पेंडीला दोन गिऱ्हाइके आहेत. एक घरचे, म्हणजे आपला कुक्कुटपालक; दुसरे समुद्रापलीकडचे. या दोन गिऱ्हाइकांपैकी दुसऱ्याविषयी, म्हणजेच शेतमालाच्या निर्यातीविषयी, आज मी आपल्याशी बोलणार आहे.

निर्यातीचा विषय निघाला, की आपल्याकडे लगेच परकीय चलनाची भाषा सुरू होते. इतके लाख टन माल गेला, इतके डॉलर आले, असे आकडे वर्तमानपत्रांत छापून येतात आणि वाचणारा पान उलटतो. देशाच्या तिजोरीच्या दृष्टीने ते आकडे महत्त्वाचे आहेत यात वाद नाही. परंतु मध्य प्रदेशासारख्या राज्यात, जेथे राज्याच्या उत्पन्नात शेती आणि तिच्या जोडीच्या प्राथमिक व्यवसायांचा वाटा चाळीस टक्क्यांहून अधिक आहे, तेथे निर्यातीचे खरे महत्त्व डॉलरांत मोजता येत नाही. ते मोजावे लागते छावणी मंडीतल्या त्या एका आकड्यात.

एखाद्या गावात दूध घेणारा एकच गवळी असेल, तर तो ठरवील तो भाव. दुसरा गवळी गावात आला, की पहिल्याची भाषा मृदू होते. मग दुसऱ्याने गावातले पाचव्या हिश्श्याचेच दूध उचलले तरी उरलेल्या चार हिश्श्यांचा भाव सुधारतो. एकच गिऱ्हाईक असेल तर ते गिऱ्हाईक राहत नाही, धनी होते. निर्यातीचे तत्त्व हेच. जो माल बोटीत चढला त्याचा लाभ तर होतोच. पण जो माल कधीच बोटीत चढणार नाही, त्याच्याही भावाला ते दुसरे गिऱ्हाईक आधार देते. एवंच, बंदरावर दार लागले तर केवळ निर्यातदाराचे नुकसान होते असे नव्हे. ज्याने कधी समुद्र पाहिला नाही अशा देवास-शाजापूरच्या शेतकऱ्याचाही भाव त्या दिवशी उतरतो.

माळव्याला हा अनुभव नवा नाही. आपली काळी माती गेली दोनशे वर्षे परदेशच्या बाजाराशी बांधलेली आहे, आणि प्रत्येक पिकाने आपल्याला एकेक धडा दिलेला आहे.

पहिला धडा अफूचा. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी माळव्यातील संस्थानांत खसखशीचे पीक विपुल होई आणि तिची अफू चीनला जाई. बंगाल-बिहारकडील अफूवर ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी होती. माळव्याची अफू मात्र संस्थानी मुलखात पिकत असल्यामुळे त्या मक्त्याबाहेर होती. कंपनीने तिला अडवण्याचे अनेक प्रयत्न केले. व्यापाऱ्यांनी राजपुताना आणि सिंध ओलांडून कराचीची वाट काढली, आणि तेथून पोर्तुगीजांच्या दमण बंदरातून माल पुढे जाऊ लागला. शेवटी कंपनीने परवाना देऊन मुंबईची वाट खुली केली. मात्र दर पेटीमागे शुल्क ठेवले. पुढे १८४३ मध्ये सिंध इंग्रजांच्या हाती गेला आणि कराचीची आडवाट बंद झाली. वाट एकच उरताच काय झाले पाहा: पूर्वी दर पेटीमागे १२५ रुपये असलेले शुल्क चढत चढत १८४७ मध्ये ४०० रुपयांवर गेले. पीक माळव्याचे, घाम माळव्याच्या शेतकऱ्याचा. पण वाट ज्याच्या हाती होती, नफ्याचा मोठा वाटा त्याच्या तिजोरीत गेला.

या व्यापाराची नैतिक बाजू काळीकुट्ट होती हे सांगायला नकोच. चीनमध्ये या व्यसनाने जो अनर्थ केला, त्यात आपल्या भूमीतील माल होता याचा अभिमान कोणी बाळगू नये. १९०७ मध्ये ही निर्यात दरवर्षी कमी करत नेण्याचा करार झाला आणि काही वर्षांतच ती थांबली. ते योग्यच झाले. आज मंदसौर-नीमच भागात अफूची शेती होते ती केवळ औषधांसाठी, सरकारी परवान्याने; आणि तिच्यावर देखरेख करणाऱ्या केंद्रीय खात्याचे मुख्यालय ग्वाल्हेरला आहे.

दुसरा धडा कापसाचा. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचे मोल आले. वऱ्हाड, खानदेश, निमाड, माळवा, सगळीकडे कापूस पेरला गेला. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, मुंबईत मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. दुसऱ्याच्या संकटावर आलेली तेजी त्याचे संकट सरताच ओसरते, हे त्या पिढीला फार महाग पडून कळले.

परंतु त्या पडझडीनंतर होळकर दरबाराने जे केले ते मला अधिक बोलके वाटते. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी खांडव्याहून इंदूरला येणाऱ्या लोहमार्गासाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपयांचे कर्ज साडेचार टक्के व्याजाने १०१ वर्षांच्या मुदतीवर दिले. त्याच सुमारास इंदुरात संस्थानची कापडगिरणीही उभी राहिली. म्हणजे एकीकडे बंदराची वाट जवळ आणली आणि दुसरीकडे कच्चा कापूस गावाबाहेर जाण्यापूर्वी त्याचे सूत व कापड येथेच करण्याची सोय केली. पुढे १९२४ मध्ये कापसाच्या संशोधनासाठी इंदुरात संस्था निघाली. तेथेच अल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्ट खताची पद्धत बसवली आणि ती इंदूर पद्धत म्हणून जगभर गेली. वाट, कारखाना आणि संशोधन या तीन गोष्टी एकत्र आल्या, की शेतमाल केवळ गोणीत भरून पाठवायची वस्तू राहत नाही. त्यावर एक शहर उभे राहते. आपले इंदूर असेच उभे राहिले. त्या गिरण्या आज मुक्या झाल्या असल्या, तरी त्यांच्या भोंग्यांवर ज्यांचे बालपण गेले अशी माणसे अजून आपल्यात आहेत.

तिसरे पीक सोयाबीन. आणि हा धडा अजून पुरा झालेला नाही. पूर्वी माळव्यातील पुष्कळ शेतकरी पावसाळ्यात आपली जमीन पडीक ठेवीत. काळ्या चिकण मातीत पाणी साचे, औत चालत नसे. तेव्हा पावसाचे पाणी जमिनीत मुरू द्यायचे आणि त्या ओलीवर हिवाळ्यात गहू-हरभरा घ्यायचा, अशी वहिवाट होती. १९६० नंतरच्या दशकात जबलपूरच्या कृषी विद्यापीठात अमेरिकेच्या इलिनॉय विद्यापीठाच्या साहाय्याने पिवळ्या सोयाबीनचे प्रयोग झाले. कमी दिवसांचे हे पीक गव्हाच्या आधी निघते आणि पडीक काळ भरून काढते, हे शेतकऱ्याने पाहिले. १९७० च्या सुमारास साऱ्या देशात सोयाबीनखाली जेमतेम तीस हजार हेक्टर जमीन होती. आज ती एक कोटी हेक्टरांच्या वर आहे, आणि तिचा तीन चतुर्थांशांहून अधिक भाग मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र या दोन राज्यांत आहे.

हे पीक इतके पसरले ते कोणाच्या मागणीमुळे? माळव्याच्या स्वयंपाकघरात तर सोयाबीनला फारसे स्थान नव्हते. तेल देशात खपले आणि पेंड परदेशी गेली. आग्नेय आशिया, जपान, इराण येथील कोंबड्या आणि जनावरे यांच्या खाद्यात आपली पेंड मिसळू लागली. इंदूर, देवास, उज्जैन या पट्ट्यात तेल काढण्याचे मोठे कारखाने निघाले. हमाल, तोलारी, ट्रकवाले, गोणपाट शिवणाऱ्या बाया, साऱ्यांच्या हाताला काम मिळाले. पडीक जमिनीला दुसरे पीक आणि शेतकऱ्याच्या घरात दिवाळीच्या आधी रोख पैसा, ही या निर्यातीची खरी कमाई होय. चांगल्या वर्षांत पेंडीची निर्यात तीस-चाळीस लाख टनांपर्यंत पोचली होती.

पण २०१३ नंतर चित्र पालटले. एकामागून एक पावसाने दगा दिला, देशातील कुक्कुटपालन वाढून घरची मागणी वाढली, आणि अर्जेंटिना-ब्राझीलची पेंड आपल्यापेक्षा स्वस्त पडू लागली. काही वर्षी आपली निर्यात काही लाख टनांवर आली. यात केवळ निसर्गाचा दोष नाही. आपल्याकडे हेक्टरी सोयाबीन निघते एक टनाच्या आसपास. ब्राझीलचा शेतकरी तीन टनांहून अधिक काढतो. वजनाच्या शर्यतीत आपण त्याला गाठू शकत नाही. आपल्याजवळ त्याच्याकडे नसलेली एक गोष्ट मात्र आहे. आपले सोयाबीन जनुकीय बदल न केलेले आहे, कारण तशा वाणाला आपल्या देशात लागवडीची परवानगीच नाही. जगात असे गिऱ्हाईक आहे, जे नेमका हाच माल मागते आणि त्यासाठी चार पैसे अधिक मोजते. आपल्या मालाचे हे नाव म्हणजे आपले भांडवल होय, आणि ते फार जपून वापरले पाहिजे.

आता विषयाच्या नाजूक भागाकडे येतो. २०२१ च्या पावसाळ्यात सोयाबीनचा भाव क्विंटलला दहा हजार रुपयांच्या आसपास गेला. कुक्कुटपालकांचा जीव मेटाकुटीला आला, आणि ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने बारा लाख टन पेंड परदेशातून आणण्यास परवानगी दिली; तीही जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची. तीन वर्षांनी, २०२४ च्या सप्टेंबरात, नेमके उलटे चित्र होते. हमीभाव ४,८९२ रुपये जाहीर झालेला असताना मंडीत सोयाबीन चार हजारांच्या आसपास विकले जात होते. जगात पीक उदंड होते, आणि घरच्या बाजारात इथेनॉल काढून उरलेला मक्या-तांदळाचा चोथा कोंबड्यांच्या खाद्यात पेंडीची जागा घेऊ लागला होता. माळव्यात ट्रॅक्टरांचे मोर्चे निघाले. त्याच महिन्यात कच्च्या खाद्यतेलावरील मूळ आयातकर वीस टक्के करण्यात आला. २०२५ च्या मे महिन्यात तो पुन्हा दहा टक्क्यांवर आणण्यात आला. बियाणे विकत घेताना ज्या कराच्या आधारावर शेतकऱ्याने मनाशी हिशेब मांडला, तो कर पीक घरात येण्यापूर्वीच बदललेला होता.

गव्हाचीही हीच कथा. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनमध्ये युद्ध सुरू झाले आणि जगाला गव्हाची चणचण भासू लागली. माळव्याच्या गव्हाला परदेशची मागणी आली, भाव हमीभावाच्या वर गेला, व्यापाऱ्यांनी कांडला बंदराकडे ट्रक लावले. परंतु मार्चमधील उष्णतेने पीक घटले होते आणि देशात पिठाचे भाव चढत होते. १३ मे रोजी सरकारने निर्यात बंद केली. कांडल्याच्या वाटेवर हजारो ट्रक उभे राहिले. चार दिवसांनी, जो माल आधीच सीमाशुल्क खात्याच्या ताब्यात दिला गेला होता तेवढा सोडण्यात आला; पण मंडीत जो भाव उतरायचा तो उतरला होता.

श्रोत्यांपैकी काही जण म्हणतील की आधी पोटोबा, मग विठोबा. देशातल्या गरिबाला पीठ-तेल महाग पडत असताना परदेशी माल कशाला पाठवायचा? हा प्रश्न रास्त आहे. आपण शहरात राहणारे, वाण्याकडून पुडी घेणारे लोकही याच देशाचे नागरिक आहोत, आणि सरकारने आपली काळजी वाहिलीच पाहिजे. माझे म्हणणे इतकेच, की ती काळजी कोणाच्या खर्चाने वाहिली जाते हे आपण पाहावे. गरिबाला धान्य स्वस्त द्यायचे असेल, तर त्याचा भार सरकारी कोठारांनी आणि तिजोरीने, म्हणजे आपण सर्वांनी, उचलावा. बंदराचे दार अचानक लावले, तर तो सगळा भार एकट्या शेतकऱ्याच्या खांद्यावर पडतो. आणि तो त्याला कोणत्याही अंदाजपत्रकात दिसतही नाही. भाव चढला की दार बंद, आणि पडला की दार उघडून उपयोग नाही, कारण तोवर गिऱ्हाईक दुसरीकडे गेलेले असते. नाशिककडील कांदा पिकवणारे आपले बांधव हे दुःख फार चांगले जाणतात. २०२३ च्या डिसेंबरापासून २०२४ च्या मेपर्यंत त्यांनी तेच भोगले.

येथे आपल्या राज्यघटनेतील एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. शेती हा विषय राज्यांच्या सूचीत आहे. परदेशी व्यापार आणि आयात-निर्यात हा विषय केंद्राच्या सूचीत आहे. पेरणीचा, बियाण्याचा, मंडीचा आणि पिकाच्या नुकसानीचा व्याप राज्याने सांभाळायचा. दार उघडायचे की लावायचे हे दिल्लीत ठरायचे. भाव पडला, की शेतकरी भोपाळच्या दारात उभा राहतो. २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये मध्य प्रदेश सरकारने भावांतर योजना आणून हमीभाव आणि बाजारभाव यांतील फरक भरून देण्याचा मार्ग धरला, तो याच अडचणीतून. अशा योजनांनी जखमेवर मलम लागते. परंतु दुसऱ्या गिऱ्हाइकाची जागा त्या घेऊ शकत नाहीत.

मग करावे काय? मला तीन गोष्टी सुचतात, आणि तिन्ही माळव्याच्याच इतिहासाने शिकवलेल्या आहेत.

पहिली, वाट. आपल्या राज्याला समुद्र नाही. प्रत्येक गोणीला बंदर गाठण्याचे भाडे पडते आणि ते अखेर शेतकऱ्याच्या भावातून वजा होते. २०२४ च्या सप्टेंबरात मनमाड–इंदूर या ३०९ किलोमीटरांच्या नव्या लोहमार्गाला केंद्राने मंजुरी दिली. हा मार्ग झाला, की माळवा मुंबईच्या बंदरांच्या जवळ येईल. दीडशे वर्षांपूर्वी ज्या दरबाराने लोहमार्गासाठी कोटी रुपये मोजले, त्याच्या वारसांनी या कामाचा पाठपुरावा मनापासून केला पाहिजे.

दुसरी, प्रत. ज्या मालाला नाव आहे त्याचा भाव पडला तरी बेताने पडतो. सिहोरचा शरबती गहू, माळव्याचा रवा-शेवयांना उत्तम असा कठीण गहू, जनुकीय बदल न केलेले सोयाबीन, ही आपली नावे आहेत. माल वेगळा साठवणे, ओलावा व कचरा काटेकोरपणे पाहणे, कीटकनाशकाचा अंश तपासणे, हे काम एकट्या शेतकऱ्याचे नव्हे. सहकारी संस्था, मंडी समित्या आणि विद्यापीठे यांनी ते अंगावर घेतले पाहिजे. एका गोणीत मिसळलेला खोटा माल शंभर गोण्यांचे नाव घालवतो.

तिसरी, आणि सर्वांत महत्त्वाची, शब्द. परदेशचा गिऱ्हाईक दोन गोष्टी पाहतो: माल चांगला आहे काय, आणि तो दरवर्षी मिळेल काय. आपण पहिल्या कसोटीस पुष्कळदा उतरतो, दुसऱ्या कसोटीस नाही. निर्यातीचे धोरण पेरणीपूर्वी जाहीर व्हावे आणि पीक विकले जाईपर्यंत ते बदलू नये. टंचाई आलीच, तर एकदम बंदी न घालता कर थोडा थोडा वाढवावा. आणि असा निर्णय करताना ज्या राज्यांचे पीक आहे त्यांना आधी विचारावे. यात काही अशक्य आहे असे मला वाटत नाही.

श्रोतेहो, मी पुन्हा त्या छावणी मंडीतल्या ट्रॉलीकडे वळतो. तिच्या कडेला बसलेल्या शेतकऱ्याने पावसाची जोखीम घेतली, किडीची घेतली, कर्जाची घेतली. ती त्याच्या धंद्याचीच जोखीम आहे आणि तिच्याबद्दल तो सहसा तक्रार करत नाही. परंतु आषाढात उघडे दिसलेले दार कार्तिकात बंद सापडावे, ही जोखीम निसर्गाची नव्हे, आपण निर्माण केलेली आहे. म्हणून ती दूर करणेही आपल्याच हाती आहे. पुढच्या वेळी वर्तमानपत्रात शेतमालाच्या निर्यातीची बातमी दिसली, तर पान उलटण्यापूर्वी क्षणभर थांबावे आणि त्या बातमीने मंडीतला आकडा चढला असेल की उतरला असेल, एवढे मनाशी विचारावे, ही विनंती करून मी आपली रजा घेतो.